स्पोर्ट्स कारमधून स्टॉक कारकडे: नॅसकारमध्ये टिकायचं कसं

स्पोर्ट्स कारच्या ड्रायव्हरला नॅसकारमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींमध्ये, पहिली संधी मिळते ती डाव्या-उजव्या वळणांच्या रोड कोर्सवर, आणि त्याचं गाडं अडतं ते ओव्हलवर, म्हणजे फक्त डावीकडे वळणाऱ्या लंबगोल ट्रॅकवर. २०२५ च्या कप या सर्वोच्च मालिकेत ३६ शर्यती होत्या. त्यातल्या सहाच रोड कोर्सवर किंवा शहरातल्या रस्त्यांवर झाल्या. ऑस्ट्रेलियातल्या सुपरकार्स मालिकेतून आलेल्या शेन व्हॅन गिसबर्गननं या सहांपैकी पाच जिंकल्या, पण उरलेल्या तीसपैकी एकही नाही. मार्कोस अँब्रोजचे दोन्ही कप विजय वॉटकिन्स ग्लेनचे, २०११ आणि २०१२ मधले. हुआन पाब्लो मोंतोयाचे दोन्ही विजयही रोड कोर्सवरचेच: सोनोमा २००७ आणि वॉटकिन्स ग्लेन २०१०. हे तिघंही कसलेले ड्रायव्हर. तरीही ओव्हल त्यांना जड गेला.

पूर्वी तर निव्वळ रोड कोर्ससाठी भाड्यानं ड्रायव्हर आणायची पद्धत होती. त्यांना रिंगर म्हणत. १९८९ ते २०१७ या काळात कप मालिकेत वर्षाला दोनच रोड कोर्स असायचे. कॉर्व्हेटवाला रॉन फेलोज वॉटकिन्स ग्लेनला १९९९ आणि २००४ मध्ये दुसरा आला. बोरिस सैदनं २००३ मध्ये सोनोमाला पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवली. कामगिरी उत्तम, पण वर्षाकाठी दोन दिवसांची नोकरी. करिअर उभारायचं असेल तर रोड कोर्सची ऑफर हे आत शिरायचं दार समजा आणि पहिल्याच वर्षापासून ओव्हल शिकायला लागा. कॉनर झिलिशनं हेच केलं. एमएक्स-५ कप, ट्रान्स-अ‍ॅमची टीए२ (दोन्ही रोड कोर्सवरच्या मालिका), २०२४ ला डेटोनाच्या २४ तासांत एलएमपी२ या प्रोटोटाइप गाड्यांच्या गटाचा विजय, आणि हे चालू असतानाच लेट मॉडेल (लहान ओव्हलवरच्या स्थानिक शर्यतींच्या स्टॉक कार) आणि आर्का (नॅसकारची खालची मालिका). २०२५ ला दुसऱ्या पायरीच्या मालिकेत त्यानं दहा शर्यती जिंकल्या आणि त्यात पोकोनो, डोव्हर, गेटवे हे ओव्हलही होते.

गाडी काय मागते

जीटी३ या स्पोर्ट्स कार गटाच्या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असतं, ट्रॅक्शन कंट्रोल असतं, स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर पडतो आणि डाऊन-शिफ्टला इंजिन आपोआप रेव्ह होतं. स्टॉक कारमध्ये यातलं काहीही नाही. २०२२ पासूनची कपची नेक्स्ट जेन गाडी ड्रायव्हर आणि पेट्रोल सोडून साधारण १,४५० किलोची. इंजिन ५.८६ लिटरचं पुशरॉड व्ही८, मागे स्वतंत्र सस्पेन्शन, पाच गिअरचा सिक्वेन्शियल बॉक्स. तिच्याखालची मालिका २०२५ पर्यंत एक्सफिनिटी नावानं चालायची, आता ओ'रायली म्हणतात. तिथल्या गाडीत अजून एच पद्धतीचा चार गिअरचा बॉक्स आणि मागे एकसंध अ‍ॅक्सल आहे. ट्रक मालिकेतही अ‍ॅक्सल एकसंधच.

म्हणून जीटी३ मधून थेट उडी मारू नका, मध्ये एक हंगाम टीए२ चालवा. नळ्यांची चासी, व्ही८, हातानं टाकायचे गिअर आणि चूक सावरायला एकही इलेक्ट्रॉनिक मदतनीस नाही. इथे दोन सवयी घडवायच्या. पहिली ब्रेकची: एबीएस असताना पाय जोरानं दाबून तसाच ठेवला तरी चालतं. इथे वेग उतरेल तसा दाब सोडत आणावा लागतो, नाहीतर आतलं पुढचं चाक लॉक होतं आणि टायरवर सपाट डाग पडतो. तो डाग पुढचा सगळा स्टिंट, म्हणजे पुढच्या पिट स्टॉपपर्यंत, स्टिअरिंगमध्ये थरथरत राहतो. दुसरी सवय डाऊन-शिफ्टची: दर गिअरला थ्रॉटलचा झटका द्यायचा. तो चुकला की मागची चाकं क्षणभर अडखळतात आणि गाडी ब्रेकिंगमध्येच फिरते. उजव्या पायानं ब्रेक आणि टाचेनं थ्रॉटल, की डाव्या पायानं ब्रेक, यावर बराच वाद चालतो. व्हॅन गिसबर्गन रोड कोर्सवर उजवा पाय आणि क्लच वापरतो, बहुतेक अमेरिकन ड्रायव्हर डावा. रोड कोर्सवर जे अंगवळणी आहे ते ठेवा. ओव्हलवर मात्र डावा पाय हवाच, कारण तिथे थ्रॉटल आणि ब्रेक काही क्षण एकत्र वापरून गाडीचं नाक खाली धरून ठेवावं लागतं.

सीटकडे दुर्लक्ष करू नका. स्पोर्ट्स कारमध्ये दोघंतिघं एकच सीट वाटून घेतात, अंगाच्या मापाचं आपापलं इन्सर्ट (आतली गादी) टाकून. इथे सीट तुमच्या एकट्याची, आणि ब्रिस्टल किंवा डोव्हरच्या बँकिंगवर, म्हणजे वळणातल्या तिरप्या उतारावर, शरीर सतत उजवीकडे ढकललं जातं. इन्सर्ट ओतून घेताना शर्यतीतलाच सूट, हेल्मेट आणि हान्स (मान सांभाळणारं उपकरण) घालून बसा, आणि उजव्या बरगड्या व खांदा पूर्ण टेकलेत का ते पाहा. तिथे बोटभर फट राहिली तर शंभर लॅपनंतर तुम्ही स्टिअरिंगला लटकून स्वतःला सावरत असता आणि गाडीचा अंदाज येईनासा होतो. दार नसल्यामुळे खिडकीतून आत-बाहेर करायचा सरावही हवा. झिलिशचं २०२५ ला वॉटकिन्स ग्लेन जिंकल्यानंतर कॉलरबोन मोडलं ते शर्यतीत नव्हे, विजयानंतर गाडीवर चढताना पडून.

ओव्हल शिकायचा तो लेट मॉडेलवर

कप आणि तिच्याखालच्या मालिकांमध्ये खासगी टेस्टिंगवर कडक बंधनं आहेत. ज्या ट्रॅकवर शर्यत, तिथे आधी मनसोक्त लॅप मारता येत नाहीत. लेट मॉडेलवर मारता येतात. नॉर्थ कॅरोलायनातलं हिकरी आणि व्हर्जिनियातलं साउथ बोस्टन हे अर्ध्या मैलापेक्षा लहान ट्रॅक शिकायला सगळ्यात चांगले. हिकरीचं जुनं डांबर टायर खातं, आणि शिकायचं नेमकं तेच असतं.

रोड कोर्सवाला इथे पहिली चूक करतो ती वळणात शिरताना. उशिरा ब्रेक, झटकन स्टिअरिंग, आत एक नेमका टोकाचा बिंदू गाठायचा. ओव्हलवर पुढचा उजवा टायर आधीच सगळ्यात जास्त ओझं वाहत असतो. त्याला असा झटका दिला की दहा लॅपमध्ये तो तापतो आणि वीस लॅपमध्ये गाडी वळायचं नाव घेत नाही. थ्रॉटल लवकर सोडा, ब्रेक हलका ठेवा, गाडीला वळणात वाहू द्या, आणि स्टिअरिंग सरळ होत असतानाच थ्रॉटल उघडा. स्टिअरिंग वळलेलं असताना थ्रॉटल दिला की मागचा उजवा टायर जातो. पहिल्या पाच लॅपच्या वेळेवर खूश होऊ नका. पन्नास लॅप सलग मारा आणि शेवटच्या दहा लॅपची सरासरी पहिल्या दहांच्या सरासरीशी लावून बघा. हा फरक प्रत्येक वेळी कमी होत असेल, तर तुम्ही शिकताय.

दुसरी चूक जास्त महागात पडते. गाडी मागून सुटली की रोड कोर्सवाला भरपूर उलटं स्टिअरिंग देऊन तिला पकडतो, कारण आयुष्यभर तेच केलेलं असतं. ओव्हलवर अशी पकडलेली गाडी ग्रिप परत मिळताच उजवीकडे झेपावते आणि बाहेरच्या भिंतीवर नाकानं आदळते. थोडंसं उलटं स्टिअरिंग देऊन सावरली तर ठीक. नाही सावरली तर चाक डावीकडेच राहू द्या, ब्रेक दाबून धरा आणि तिला आतल्या बाजूला गोल फिरू द्या. टायर जातील, गाडी वाचेल.

क्रू चीफशी बोलायची भाषा

‘अंडरस्टिअर’, ‘ओव्हरस्टिअर’ बाजूला ठेवा. इथे गाडी टाईट असते किंवा लूज. टाईट म्हणजे पुढून वळत नाही, लूज म्हणजे मागून सुटते. नुसतं ‘टाईट आहे’ सांगून भागत नाही. वळणाचे तीन भाग धरतात: शिरताना, मध्ये, निघताना. आणि सोबत आकडा: एक ते दहामध्ये किती. ‘आत शिरताना लूज तीन, मध्ये टाईट पाच’ एवढं ऐकलं की क्रू चीफला, म्हणजे गाडीची जुळणी ठरवणाऱ्या टीमच्या प्रमुखाला, कामाला लागता येतं.

पिट स्टॉपमध्ये मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून फिरवतात, ते वेज. मागच्या डाव्या स्प्रिंगवर ताण वाढवला की मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक जास्त वजन घेतात आणि गाडी टाईट होते. ताण कमी केला की लूज. एकसंध अ‍ॅक्सलच्या गाडीत याशिवाय ट्रॅक बार, म्हणजे मागची बाजू आडवी धरून ठेवणारी दांडी, असतो. तो वर उचलला की मागची बाजू मोकळी होते, खाली घेतला की बसते. लेट मॉडेलवर स्टॅगरही समजून घ्या. मागच्या उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा एक-दोन इंचांनी मोठा ठेवतात, म्हणजे गाडी आपसूक डावीकडे ओढते. स्टॅगर कमी पडला तर निघताना टाईट, जास्त झाला तर निघताना लूज आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग ओढत राहतं.

एक सापळा सांभाळा. रोड कोर्सवाल्याला टोकदार, मागून जराशी मोकळी गाडी आवडते. सरावात तीच वेगवान दिसते. लांब रनमध्ये मागचा उजवा टायर झिजतो आणि ती हातात राहत नाही. डार्लिंग्टनसारख्या खरखरीत ट्रॅकवर शर्यतीच्या सुरुवातीला गाडी किंचित टाईटच हवी.

पिट रोड

स्पोर्ट्स कारमध्ये पिट लिमिटरचं, म्हणजे पिट रोडवरचा वेग आपोआप बांधून ठेवणारं, बटण दाबलं की काम झालं. स्टॉक कारमध्ये लिमिटर नाही आणि स्पीडोमीटरही नाही. गिअर आणि आरपीएमवरून वेग राखायचा. डेटोनाला मर्यादा ताशी ५५ मैल, मार्टिन्सव्हिलला ३०. शर्यतीआधी पुढे चालणारी पेस कार सगळ्यांना पिट रोडच्या वेगानं नेते, तेव्हा ठरलेल्या गिअरमध्ये आरपीएम किती पडतात ते पाहा आणि डॅशबोर्डवरचे दिवे त्याच्याशी जुळतात का ते तपासा. मर्यादेवर जवळपास पाच मैलांची सूट असते. समजा ५५ ला ४,००० आरपीएम पडले, तर ती सूट सुमारे ३६० आरपीएमची झाली. अनुभवी ड्रायव्हर त्यातला बराचसा भाग वापरतात. पहिल्या हंगामात तुम्ही निम्माच वापरा.

वेग मोजतात तो टप्प्याटप्प्यानं. पिट रोडवर आडव्या रेषा असतात आणि दोन रेषांमधली सरासरी धरली जाते. तुमचा पिट बॉक्स (थांबायची जागा) ज्या टप्प्यात आहे तिथे थांबल्याचा वेळही सरासरीत जातो, त्यामुळे बॉक्समधून निघताना पुढच्या रेषेपर्यंत जोर लावता येतो. रेषा ओलांडायच्या आत आरपीएम परत खाली आणा, घोळ हमखास इथेच होतो. २००९ ला इंडियानापोलिसमध्ये मोंतोया १६० पैकी ११६ लॅप पुढे होता. पिट रोडवर वेग जास्त झाल्याची शिक्षा झाली आणि शर्यत हातची गेली. कपमध्ये ओव्हलवरच्या विजयाच्या तो सर्वात जवळ आला होता, असं म्हणायला हरकत नाही.

रीस्टार्ट आणि स्पॉटर

२०२३ ला ऑस्टिनच्या ट्रॅकवर कॉर्व्हेटचा जॉर्डन टेलर कप गाडीत पात्रता फेरीत चौथा आला आणि शर्यतीत चोविसावा. वेग होताच. पण दोन-दोनच्या रांगेतले रीस्टार्ट (मध्येच संथ केलेली शर्यत पुन्हा सुरू होणं), पहिल्या वळणात चार-चार गाड्या आणि दारावर दार घासणं हे सरावात शिकता येत नाही. इथे ब्रेकिंग पॉइंटला आतली जागा रिकामी सोडलीत की मागचा तिथे नाक घालणारच. जागा आधी बंद करा, थोडा वेग गेला तरी.

स्पॉटर म्हणजे उंचावरून ट्रॅक पाहत रेडिओवर बोलणारा तुमचा माणूस. तो बोलतो ते तंतोतंत ऐका. ‘आत’ म्हणजे डावीकडे गाडी आहे, ‘बाहेर’ म्हणजे उजवीकडे, आणि ‘क्लिअर’ ऐकल्याशिवाय लेन बदलायची नाही. आरशावर विसंबू नका. डेटोना आणि टॅलाडेगाला गाड्या झुंडीनं पळतात. तिथे मागच्याला कोणत्या लेनमध्ये अडवायचं हे स्पॉटर सांगतो तेव्हा तुमच्याकडे एखादा सेकंदही नसतो. या एका माणसासाठी पैसे राखून ठेवा. रोड कोर्सचा ओळखीचा स्पॉटर अशा सुपरस्पीडवेवर, म्हणजे या सर्वात वेगवान मोठ्या ओव्हलवर, आणू नका.

परवानगीचा क्रम आणि करार

नॅसकार परवाना एकदम सगळ्या ट्रॅकसाठी देत नाही. आधी रोड कोर्स आणि लहान ओव्हल, मग दीड मैलाचे, शेवटी सुपरस्पीडवे. प्रत्येक पायरीला आधीच्या शर्यतींची यादी दाखवावी लागते. वैद्यकीय तपासणी, ड्रग चाचणी आणि मेंदूच्या प्रतिक्रियांची आधारभूत चाचणी आलीच. डेटोनाला आधी आर्काची गाडी चालवून मंजुरी मिळवणं हा रुळलेला मार्ग आहे. हंगामाच्या मध्यावर अर्ज करून पुढच्याच आठवड्यात टॅलाडेगा मिळेल अशी आशा धरू नका.

टीमशी बोलताना आकड्यापेक्षा यादी बघा. सहा रोड कोर्सची ऑफर आली की तेवढीच घेऊ नका, किमान तितक्याच ओव्हल शर्यती लिहून मागा, आणि त्यातल्या दोन-तीन एक मैल किंवा त्याहून लहान ट्रॅकवरच्या असू द्या. त्याच क्रू चीफबरोबर असतील तर उत्तम. कार निर्मात्याच्या सिम्युलेटरचे तास आणि शर्यतीनंतरचा डेटा हेही करारात घाला. इतर गाड्यांचा थ्रॉटल, ब्रेक आणि स्टिअरिंगचा डेटा टीमकडे येतोच. सोमवारी तुमच्याच टीममधल्या सर्वात चांगल्या ओव्हलवाल्याची लॅप तुमच्या लॅपवर ठेवून पाहा. तो थ्रॉटल तुमच्या किती आधी सोडतो, ते मोजूनच पुढच्या ट्रॅकच्या सिम्युलेटरवर बसा.