आदेशाची प्रत घेतली का?

विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून नव्यानं रुजू झालेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, बढतीला रिसर्च पेपर किती लागतात?" पेपरांचं नंतर बघू. नेट-सेट, पीएच.डी., मुलाखत हे सगळं पार करून आलात, तेव्हा अभ्यासाबद्दल मी काय सांगणार? मी जिथे आपटले ते सांगते.

रुजू झाले त्याच आठवड्यात विभागप्रमुख म्हणाले, "तुम्ही तरुण आहात, नॅकचं काम तुम्हीच बघा." नॅक म्हणजे संस्थेचं मूल्यांकन. मला कोण आनंद! मग प्रवेश समिती आली, मग परिषदेचं आयोजन, मग वसतिगृहातल्या मुलींच्या तक्रारी. सगळं तोंडी. रात्री नऊपर्यंत विभागात बसून मी जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावायचे, "नोकरी लागली का रे?" कारण नॅकच्या तक्त्यात ती माहिती भरायची होती. दोन वर्षं असं राबले आणि वाटत राहिलं की हे सगळं कुठेतरी जमा होतंय.

कुठेही जमा होत नव्हतं.

आता नीट ऐका, थोडं किचकट आहे. आपली बढती 'कॅस'मधून, म्हणजे करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीममधून होते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत दरवर्षीच्या कामाची प्रतवारी आहे. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर 'चांगलं', ७० ते ८० मध्ये असाल तर 'समाधानकारक'. त्याखेरीज प्रशासकीय जबाबदारी, परीक्षेचं काम, विद्यार्थ्यांचे उपक्रम, परिषद, संशोधन अशा प्रकारांपैकी किमान तीन दाखवले तर 'चांगलं', एक-दोन दाखवले तर 'समाधानकारक'. एकही दाखवता आला नाही, तर ते वर्ष धरतच नाहीत. पीएच.डी. असेल तर वेतनाच्या लेव्हल १० वरून (तिथूनच आपण सुरू करतो) ११ ला चार वर्षांनी जाता येतं, पण त्या चारपैकी निदान तीन वर्षांना 'समाधानकारक' तरी लागतं.

माझी पहिली दोन वर्षं कोरी निघाली. परीक्षेच्या कामाची पत्रं आली होती, ती काम संपल्यावर मी रद्दीत टाकली. एवढी मी शहाणी! छाननी समितीतल्या बाईंनी फाईल पुढून चाळली, मागून चाळली आणि म्हणाल्या, "काम केलंत हे ऐकून आहे. आदेश कुठाय?" जुने प्रमुख तोवर निवृत्त झालेले. नवे म्हणाले, "मी तेव्हा नव्हतो, मी कसं लिहून देऊ?" त्यांचंही बरोबरच होतं. माझी तारीख एक वर्ष पुढे गेली. एक वर्ष म्हणजे एकच वर्ष नसतं बरं का! लेव्हल १२ साठीची पाच वर्षं त्या नव्या तारखेपासून मोजायची, त्यापुढची तीन त्याच्याही नंतर. निवृत्तीपर्यंत ते वर्ष मागे लागलेलं राहतं.

म्हणून सांगते, कुणी तोंडी काम सांगितलं की नाही म्हणू नका, पण त्याच संध्याकाळी मेल करा: "आज सांगितल्याप्रमाणे अमुक काम सुरू करत आहे, कृपया आदेश मिळावा." आदेशावर जावक क्रमांक आणि तारीख आहे का ते बघा, त्याशिवाय तो नुसता कागद. वेळापत्रकाची सही केलेली प्रत, हजेरीपुस्तक, परीक्षेचं पत्र हे सगळं एका फाईलमध्ये, त्याच दिवशी. लाज वाटते, माहीत आहे. मलाही वाटायची. २०२५ च्या जानेवारीत नव्या नियमांचा मसुदा आला, प्रतवारी बदलेलही. कागद मागणारी माणसं तीच असतील.

मार्गदर्शक कोण धरावा असंही विचारतात. माझं मत अनेकांना पटत नाही: आस्थापना विभागातल्या जुन्या लिपिकाला धरा. ज्येष्ठ प्राध्यापक प्रोत्साहन देतात. तुमची फाईल कुठल्या टेबलावर अडलीय ते लिपिकच सांगतात.

आता पेपर. तू माझं नाव टाक, मी तुझं टाकते, ही साटंलोटं करणारी मंडळी तुम्हाला भेटतीलच. लेखक दोनपेक्षा जास्त असले की मुख्य लेखकाला ७० टक्के गुण आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०, एवढ्यासाठी नाव खराब करायचं? पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांपासून तर लांबच राहा. २०१८ मध्ये यूजीसीनं आपल्याच मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. नंतर तिच्या जागी आलेली यूजीसीची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, म्हणजे आता पारखायची जबाबदारी आपल्यावर आणि आपल्या संस्थेवर. दोन वर्षांत एकच पण धड पेपर झाला तरी घाबरू नका.

घाबरवायला लिहीत नाहीये. आठवड्याचे १६ तास शिकवणं कागदावर कमी दिसतं; पहिल्या वर्षी एका तासाच्या तयारीला माझे चार तास जायचे, वाटायचं हे आयुष्यभर असंच. तसं नसतं. तिसऱ्या वर्षी टिपणं न बघता वर्गात गेले आणि अर्ध्या तासानं लक्षात आलं की टिपणं केबिनमध्येच राहिलीत.

आणि तो एक तास आहेच. मी संख्याशास्त्र शिकवते. एम.एस्सी.चं पहिलं सत्र, नमुन्याचा व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते, काढत होते. घाईत फळ्यावर एननं, म्हणजे आकडे जितके तितक्यानं, भागलं. शेवटच्या बाकावर एक मुलगी, तीन महिन्यांत तोंड उघडलेलं नाही, तिचा हात अर्धाच वर. "मॅडम, एन वजा एक हवं ना?" मी म्हटलं, का? पुस्तकातलं वाक्य येईल असं वाटलं होतं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "सरासरी आपण याच आकड्यांतून काढली. मग सगळ्या विचलनांची बेरीज शून्यच होणार. शेवटचं विचलन आधीच ठरलेलं, ते मोकळं कुठंय?" वर्ग शांत. मी तिच्या हातात खडू दिला आणि तिच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले.

त्या दिवसाची माझ्या हजेरीपुस्तकातली नोंद: व्हेरियन्स, उपस्थिती ४१.