कामाच्या धावपळीत प्रोटीन पुरेसं कसं मिळवायचं

आधी आपला आकडा काढा. "प्रोटीन वाढवायचंय" असं सगळेच म्हणतात पण किती, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम ही किमान गरज धरतात, म्हणजे ६० किलो वजन असेल तर ४८ ग्रॅम. वय साठीच्या पुढे असेल तर १ ते १.२, आणि नेमाने वजनं उचलत असाल तर १.६ पर्यंत. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही वाढवू नका, हे खरंच मनापासून सांगतेय.

मग दोन दिवस, एक कामाचा आणि एक सुट्टीचा, जे खाल ते फोनमध्ये लिहून ठेवा. माझं लिहिलं तेव्हा कळलं की रात्रीचं जेवण ठीक होतं पण सकाळ जवळपास कोरी, कॉफी आणि ब्रेडवर दुपारचे दोन वाजायचे. बहुतेकांची गळती सकाळीच असते, म्हणून तिथूनच सुरुवात करा. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, एक ग्लास दूध म्हणजे ८, झाले की २० आणि वेळ लागला दहा मिनिटं. अंडी खात नसाल तर सोया चंक्स, कोरे ३० ग्रॅम घेतले तरी १५ ग्रॅम प्रोटीन मिळतं.

आता खरं काम सुट्टीच्या दिवशीचं. आदल्या रात्री छोले किंवा राजमा भिजत घाला, सकाळी कुकरला लावा, गार करून, शिजल्यापासून दोन तासांच्या आत डब्यांत भरून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपतील तेवढेच खाली ठेवायचे आणि बाकीचे एकेका वेळेचे भाग करून फ्रीझरला. अंडी उकडून सालासकट फ्रीजमध्ये ठेवली तर आठवडाभर टिकतात. चिकन खाणाऱ्यांनी तेही एकदाच शिजवून ठेवावं, शिजलेल्या १०० ग्रॅम ब्रेस्टमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास असतं.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. पाकिटावर मसुरीचं प्रोटीन १०० ग्रॅमला २४ वगैरे लिहिलेलं असतं ते कच्च्या डाळीचं, शिजताना ती पाणी पिऊन अडीच-तीनपट होते, म्हणजे शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ९ च राहतात, आणि पातळ केली तर त्याहून कमी. वाटीभर पातळ वरण पिऊन कोटा झाला असं समजू नका, डाळ घट्ट ठेवा. सोबत भात, पोळी किंवा ब्रेड असू द्या, कारण धान्यात लायसिन (प्रोटीनचा एक गरजेचा घटक) कमी असतं आणि ते डाळीतून भरून निघतं. दोन्ही एकाच घासात नाही, दिवसभरात आलं तरी चालतं.

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये शेंगदाणे आणि भाजलेले चणे ठेवाच, मीटिंगने जेवण खाल्लं त्या दिवशी मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम तरी मिळतात. प्रोटीन पावडर घेतली तर वाईट नाही, व्हेच्या (दुधातून काढलेल्या प्रोटीनच्या) एका स्कूपमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, पण वरच्या गोष्टी जमत असतील तर ती लागतेच असं नाही. प्रोटीन बार घेताना साखर किती ते मागे वाचून घ्या.

नाइट शिफ्टवाल्यांनी घड्याळ बघायचं नाही, उठल्यानंतरचं पहिलं खाणं तीच तुमची सकाळ, अंडी तेव्हा खायची.