तोक्यो टॉवर पाहायला जाताना

१९५८ च्या डिसेंबरात खुल्या झालेल्या, ३३३ मीटर उंचीच्या या प्रसारण मनोऱ्याला भेट द्यायची असेल, तर ओएदो या भुयारी रेल्वेमार्गावरील आकाबानेबाशी स्थानकावर उतरावे. तेथून तो काही मिनिटांच्या चालण्यावर आहे. ताचू नाइतो यांनी आखलेल्या या पोलादी सांगाड्याचा नारिंगी-पांढरा रंग शोभेसाठी नसून विमानांना तो दुरूनच दिसावा, या नियमापोटी दिलेला आहे.

तिकीट काढण्यापूर्वी कोणत्या सज्जापर्यंत जायचे, हे ठरवावे. मुख्य सज्जा १५० मीटरवर आहे आणि माझ्या मते पहिल्या भेटीला तोच पुरेसा आहे, कारण झोजोजी मंदिराची छपरे आणि रस्त्यांवरची वर्दळ तिथून ओळखता येण्याइतकी जवळ दिसते. सुमारे २५० मीटरवरील वरच्या सज्जासाठी मात्र वेळ आधी राखून ठेवणे श्रेयस्कर. मुख्य सज्जाच्या फरशीत बसवलेल्या काचेवर उभे राहिल्यास पायांखाली थेट खालचा रस्ता दिसतो. लहान मुले तिथे बेधडक बसतात, मोठी माणसे कडेकडेने जातात.

पाय धडधाकट असतील, तर खुल्या असताना बाहेरच्या सुमारे ६०० पायऱ्या चढून मुख्य सज्जा गाठावा, म्हणजे रिव्हेट (पोलादी खिळे) मारलेले सांधे हाताच्या अंतरावर पाहता येतात. ऐन हिवाळ्यात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, तेव्हा तासभर आधी पोहोचावे आणि हवा स्वच्छ असल्यास पश्चिमेकडे फुजी पर्वत शोधावा.