घरच्या घरी सायफाय ऑडिओ ड्रामा: चार माणसं, बर्फ आणि एक जनरेटर

सायफाय ऑडिओ ड्रामा करायचा म्हटलं की सगळे आधी स्पेसशिप आणि लेझरचे आवाज शोधायला धावतात, मीपण धावलो होतो. पहिल्या खेपेला ते सोडा. चार माणसं, एक बंद जागा, बाहेर पाऊल टाकलं की जिवाशी खेळ, आणि चोवीस तास चालू असलेला एक आवाज, एवढ्यात अर्ध्या तासाचं नभोनाट्य आरामात बसतं.

जागा मी अंटार्क्टिका घेतली. आपलं मैत्री हे संशोधन स्टेशन १९८९पासून तिथे आहे, भारती २०१२ला सुरू झालं आणि ते चक्क १३४ शिपिंग कंटेनर जोडून बांधलंय (तिकडच्या मोहिमा चालवणारी संस्था आपल्या गोव्यात, वास्कोला आहे). आपलं सगळ्यात पहिलं स्टेशन दक्षिण गंगोत्री, ते हळूहळू बर्फाखाली गेलं आणि १९९०मध्ये सोडावं लागलं. आता सांगा, बर्फात गाडलं गेलेलं रिकामं स्टेशन, वर हिवाळ्यात दीडदोन महिने सूर्य उगवतच नाही, जहाज परत गेलं की महिनोन्महिने बाहेरचं कुणी येत नाही, अजून कसला परग्रह पाहिजे?

पात्रं चारच्या वर नेऊ नका, ऐकणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत, पाचवा आला की "हा कोण बोलला?" सुरू होतं. आवाजांचा पोत वेगळा हवा, एक कोल्हापूरचा मेकॅनिक, एक पुण्याच्या डॉक्टरीणबाई, असं. आणि हो, तिथे देशभरातले लोक असतात, मग सगळे मराठीतच कसे बोलतात हा प्रश्न येणारच, म्हणून मी रात्रीच्या ड्युटीवर दोघंच मराठी ठेवले, बाकीचे वॉकीटॉकीवर हिंदीत.

संवाद लिहिताना सगळ्यात जास्त माती इथे होते: "अरे बापरे, समोरचं लोखंडी दार उघडं आहे आणि आत अंधार आहे!" असं कोण बोलतं हो? त्यापेक्षा हे बघा.

"शिंदे, दार लावलं होतंत ना?"
"लावलं होतं की मॅडम. दोनदा ओढून बघितलंय."
(वाऱ्याचा आवाज. दार हलकंच आपटतं.)
"...मग टॉर्च द्या इकडे."

दार उघडंय हे कुणीच म्हणालं नाही, तरी कळलं.

आता त्या सतत चालणाऱ्या आवाजाबद्दल, कारण माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. स्टेशन जनरेटरवर चालतं, तो बंद पडला की हीटिंग गेलं, पाणी गोठलं, सगळं संपलं. म्हणून पहिल्या सेकंदापासून जनरेटरची घरघर बारीक ठेवा, इतकी की दहा मिनिटांत ऐकणारा ती विसरेल. मग एका साध्या गप्पांच्या सीनमध्ये, वाक्याच्या अधेमधेच, ती बंद करा. म्युझिक नको, किंकाळी नको. पण ट्रॅक पूर्ण कोराही सोडू नका, नाहीतर लोकांना वाटतं फोन अडकला, खाली खोलीची शांतता हवीच, त्यासाठी रेकॉर्डिंगच्या दिवशी कुणी न बोलता एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवा.

बाकीचे आवाज किचनमध्ये मिळतात. बर्फावरच्या पावलांसाठी कॉर्नफ्लोअर जाड कापडी पिशवीत भरून माइकजवळ दाबा, करकर अगदी तशीच येते. आणि एक गंमत, हिमनदीच्या जुन्या बर्फात हजारो वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांत अडकलेली असते, बर्फ वितळताना ती तडतडत सुटते. माझी गोष्टच यावर आहे: ती तडतड एका रात्री ठरावीक लयीत यायला लागते. रेकॉर्ड कसं केलं? फ्रीजरमधले खडे कोमट पाण्यात टाकले, फोन ग्लासाच्या तोंडाशी धरला, मग एकेक तड कापून सारख्या अंतरावर लावली. वॉकीटॉकीसाठी ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ३०० हर्ट्झच्या खालचा खर्ज आणि ३४०० हर्ट्झच्या वरचा तीक्ष्ण आवाज कापून टाका, झालं.

रेकॉर्डिंग कपड्यांच्या कपाटासमोर, डोक्यावरून रजई घेऊन, रात्री एकनंतर, कारण त्याआधी शेजारच्यांचा कुकर, रिक्षा, कुत्री सगळी तुमच्या अंटार्क्टिकात येतात. फॅन बंद, फ्रीज बंद. मात्र फ्रीज बंद केला तर घराची किल्ली फ्रीजमध्येच ठेवा, म्हणजे सकाळी निघताना तो उघडावाच लागेल. मी ठेवली नव्हती, दोन लिटर दूध नासलं आणि आईने पुढचे चार दिवस "शास्त्रज्ञ" अशीच हाक मारली.

शेवटचं मिक्सिंग हेडफोनवर करून खूश होऊ नका. आमच्या सोसायटीच्या जनरेटरची घरघर मी मोठ्या हौसेने रेकॉर्ड केली, हेडफोनवर छातीत घुमत होती, आणि मित्राने फोनच्या स्पीकरवर लावलं तर काहीच नाही, कारण एवढुशा स्पीकरला इतका खालचा आवाज झेपतच नाही. मग जे ऐकूच आलं नाही ते बंद पडलेलं कळणार कसं? शेवटी त्याच ट्रॅकवर पाण्याच्या मोटरचा थोडा वरच्या पट्टीतला आवाज चढवला, तेव्हा कुठे मित्र सतराव्या मिनिटाला म्हणाला, "थांब, काय बंद झालं?"