भीमा-सीनेच्या खोऱ्यातील ऐतिहासिक स्थळे पाहताना या चुका टाळा

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा सोलापूर जिल्ह्यात येते तेव्हा इंद्रायणी, मुळा-मुठा आणि घोड या नद्यांचे पाणी तिने आधीच पोटात घेतलेले असते. पुढे नीरा नरसिंहपूरला तिला नीरा मिळते, पंढरपूरला वळण घेऊन ती चंद्रभागा म्हणवते आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलजवळ सीना तिच्यात मिसळते. या वाटेवरची बहुतेक महत्त्वाची स्थळे, मग ती मंदिरे असोत, घाट असोत किंवा किल्ले, थेट पाण्याच्या काठावर उभी आहेत. त्यामुळे ती पाहायला निघण्यापूर्वी नदीची अवस्था जाणून घेणे हे मुक्कामाचे आरक्षण करण्यापेक्षा अधिक गरजेचे आहे. येथे येणाऱ्यांच्या हातून ज्या चुका वारंवार होतात, त्यांतील बऱ्याचशा नदीकडे दुर्लक्ष केल्यामुळेच होतात.

सोलापुरात पाऊस नाही, म्हणून पूर नाही असे समजणे

ही सर्वांत धोक्याची चूक आहे. सोलापूर हा कमी पावसाचा जिल्हा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये येथे अनेकदा कोरडे ऊन पडलेले असते आणि त्याच दिवशी भीमा दुथडी भरून वाहत असते, कारण तिचे पाणी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचे असते. पुणे जिल्ह्यातील धरणे भरली की त्यांचे पाणी भीमेवरच्या उजनी धरणात येते आणि उजनी भरली की विसर्ग खाली सोडला जातो. पंढरपूरच्या बाबतीत केवळ उजनीचा आकडा पाहूनही भागत नाही. नीरेवरच्या वीर धरणातून सोडलेले पाणी उजनीला वळसा घालून नरसिंहपूरला भीमेत येते, म्हणून दोन्ही धरणांच्या विसर्गाची बेरीज करावी लागते. पावसाळ्यात स्थानिक वर्तमानपत्रांत हे आकडे क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी) रोज छापून येतात. निघण्याच्या आदल्या दिवशी ते वाचण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

सीनेचे गणित वेगळे आहे. ती अहिल्यानगरकडून येते आणि तिचा मोठा पूर बहुधा परतीच्या किंवा सप्टेंबरच्या पावसात येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या महापुराने माढा, मोहोळ आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, तेव्हा एरवी बारीक धारेने वाहणारी ही नदी काय करू शकते हे सर्वांनी पाहिले. तिसरी नदी बोरी. तिच्यावर नळदुर्गचा किल्ला आहे आणि तिला पाणी येते ते जवळपासच्या भागात पडलेल्या पावसाचे. म्हणजे एकाच खोऱ्यातल्या तीन नद्यांची तीन वेगळी वेळापत्रके आहेत, आणि एकीला उतार आहे म्हणून दुसरीही शांत असेल असे मानता येत नाही.

उन्हाळ्यातही निर्धास्त राहू नये. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी औज बंधारा भरून घ्यावा लागतो, आणि त्याकरिता उजनीतून नदीच्या पात्रात पाणी सोडले जाते. काल कोरड्या असलेल्या वाळवंटात, म्हणजे पात्रातल्या वाळूत, आज पाणी असणे यात अघटित काही नाही. शिवाय वाळू उपशामुळे पात्रात जागोजागी खोल खड्डे झालेले आहेत. वरून गुडघाभर दिसणारे पाणी दोन पावलांवर पुरुषभर खोल असू शकते. पंढरपुरात स्नानासाठी उतरताना स्थानिक कोळी बांधव जेथे उतरू देतात तेथेच उतरावे आणि मुलांचा हात सोडू नये.

बंधाऱ्यावरून पाणी जात असताना वाहन घालणे

भीमा आणि सीना या दोन्ही नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत आणि त्यांच्या माथ्यावरून गावकरी ये-जा करतात. नकाशात ही वाट सर्वांत जवळची दिसते. पाणी माथ्यावर आले की रस्त्याची कडा दिसेनाशी होते, आणि वाहून आलेल्या गाळावर चाक घसरते. वीतभर पाणी असले तरी थांबावे, गावात विचारावे आणि मोठ्या पुलाने जावे. वळसा तास-दीड तासाचा पडला तरी चालेल.

पूर ओसरल्यावर लगेच घाटावर जाण्याची घाईही नको. १४ ऑक्टोबर २०२० रोजी पंढरपूरच्या कुंभार घाटावर मुसळधार पावसात भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. जुनी आणि नवी दोन्ही बांधकामे भिजल्यानंतर काही दिवस अविश्वसनीय असतात. भिंतीच्या आडोशाला पावसापासून निवारा शोधणे हे स्वाभाविक वाटते, पण नदीकाठी तेच टाळायला हवे.

होडीत नुसते बसून जाणे

उजनीचा जलाशय १९८० साली धरण पूर्ण झाल्यावर उभा राहिला आणि कित्येक गावे, मंदिरे त्याच्या पोटात गेली. एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेपैकी सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा आहे. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशी बातमी येते तेव्हा धरण रिकामे झालेले नसते, उपयुक्त साठा संपून पातळी मृतसाठ्यात उतरलेली असते. अशाच वेळी इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते आणि ते पाहायला गर्दी होते. पाणी मागे हटलेल्या जागी वरून वाळलेला आणि आतून ओला गाळ असतो. त्यावरून चालत जाण्याचा मोह आवरावा, स्थानिक माणूस ज्या पायवाटेने नेईल त्याच वाटेने जावे.

होडीने जायचे असेल तर लाइफ जॅकेट मिळत नसल्यास बसू नये, असे मी आग्रहाने सांगेन. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग जमतात आणि वारा अचानक सुटतो, म्हणून जलाशयावरचा प्रवास सकाळीच उरकावा.

नावावरून रस्ता शोधणे

मोबाइलमध्ये ‘कुडल’ एवढेच लिहिले तर सिंधुदुर्गातले कुडाळ समोर येते. ‘कुडल संगम’ लिहिले तर कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातील कूडलसंगम, जेथे कृष्णा आणि मलप्रभा यांचा संगम असून महात्मा बसवेश्वरांचे ऐक्यस्थान आहे. दोन्ही ठिकाणे आपापल्या परीने मोठी आहेत, पण सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेले भीमा-सीना संगमाचे गाव ही नव्हेत. शोधताना ‘हत्तरसंग कुडल’ असे पूर्ण नाव आणि दक्षिण सोलापूर तालुका लिहावा. माचणूरशेजारच्या ब्रह्मपुरीसाठी नुसते ‘ब्रह्मपुरी’ म्हटले की चंद्रपूर जिल्ह्यातले गाव दिसते, सिद्धेश्वर म्हटले की सोलापूरचे तलावातील मंदिर. माचणूरच्या भीमाकाठच्या सिद्धेश्वरासाठी मंगळवेढा तालुका लिहिणे भाग आहे.

दुसरा घोटाळा काठाचा होतो. बेगमपूर आणि माचणूर ही गावे नदीच्या दोन विरुद्ध तीरांवर आहेत. नकाशावर एक किलोमीटर दिसणारे अंतर पलीकडच्या तीराचे असेल तर पूल कोठे आहे हे आधी पाहावे लागते. सोलापूर-मंगळवेढा रस्ता येथेच भीमा ओलांडतो, त्यामुळे माचणूर चुकत नाही. आडवाटेच्या ठिकाणी मात्र ही चूक अर्धा दिवस खाते. रस्ता विचारताना दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट भागात कानडी बोलणारी वडीलधारी मंडळी भेटतील. घाई न करता विचारले तर ती अतिशय आपुलकीने वाट दाखवतात.

प्रत्येक काळ्या दगडाच्या मंदिराला हेमाडपंती म्हणणे

चुना न वापरता दगडात दगड बसवलेले देऊळ दिसले की ते हेमाडपंतांनी बांधले, असे सांगून आपण पुढे सरकतो, आणि तेथेच पाहणे थांबते. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे होते. हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातील शिलालेख शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा आहे. हेमाद्रींच्या आधी दोन शतकांहून अधिक काळ हा लेख कोरला गेला, तेव्हा त्या मंदिराचे श्रेय त्यांना देता येत नाही. तो काळ चालुक्यांचा होता.

या लेखाविषयी मला विशेष जिव्हाळा आहे, आणि तो न पाहता परत जाणारे लोक दिसले की वाईट वाटते. मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात लेखांत त्याची गणना होते आणि त्याचा शेवट ‘वाछि तो विजेया होइवा’, म्हणजे जो हे वाचील तो विजयी होईल, अशा वाक्याने होतो. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडावर वाचकाला आशीर्वाद कोरून ठेवला आहे. बहुतेक मंडळी मात्र शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरातील ३५९ मुखे कोरलेले बहुमुखी शिवलिंग पाहून, छायाचित्र काढून निघतात. ते लिंग अद्भुत आहेच. पण लेख तुळईवर आहे आणि मान वर केल्याशिवाय तो दिसत नाही.

लेख दिसला तरी वाचता येत नाही, ही पुढची अडचण. समोरून प्रखर प्रकाश टाकला की खोदलेली अक्षरे सपाट होऊन जातात. विजेरी बाजूला, दगडाला जवळपास समांतर धरावी. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ओळ उठून दिसते. आवारातील उघड्यावरचे वीरगळ (वीरांच्या स्मृतिशिळा) आणि कोरीव दगड पाहायला याच कारणाने सकाळचे किंवा दिवस कलल्यानंतरचे तिरपे ऊन उत्तम. अक्षरे स्पष्ट व्हावीत म्हणून खडू, पीठ, भस्म किंवा तेल मुळीच लावू नये. तेलावर धूळ बसून थर जमतो आणि तो काढताना दगडाचा पापुद्राही निघतो. केंद्रीय संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा नसता तरी हे करू नये.

शकाचे आकडे वाचताना इसवी सनासाठी ७८ मिळवायचे असतात, हे विसरल्यामुळेही पुष्कळ चुकीच्या माहितीचा प्रसार होतो. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील प्रसिद्ध चौऱ्याऐंशीचा लेख शके ११९५ पासून ११९९ पर्यंतच्या देणग्यांचा आहे, म्हणजे रामदेवराव यादवाच्या कारकिर्दीतील इ.स. १२७३ ते १२७७ या वर्षांचा. तो बाराव्या शतकातला असल्याचे कोणी सांगितले, तर शकाचा आकडा सनाचा समजला गेला आहे, हे ओळखावे.

पंढरपूर फक्त रांगेत पाहणे

आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांच्या दिवसांत पंढरपूरला जावे ते वारकरी म्हणून. ज्यांना मंदिराची वास्तू, सोळखांबी, महाद्वार, नामदेव पायरी आणि तिच्याजवळची चोखोबांची समाधी नीट पाहायची आहे, त्यांनी एकादशी आणि शनिवार-रविवार सोडून मधला दिवस निवडावा. मंदिरात मोबाइल नेता येत नाही, तो ठेवण्याची व्यवस्था आधीच करावी. पदस्पर्श दर्शनाची रांग फार लांब गेली असेल आणि सोबत वृद्ध माणसे असतील, तर मुखदर्शन घेऊन उरलेला वेळ वाळवंटातील पुंडलिक मंदिर आणि विष्णुपद यांना द्यावा.

मंगळवेढा याच दिवसाला जोडावे. कलचुरींची ही जुनी राजधानी दामाजीपंत आणि कान्होपात्रा यांचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबांचा अंत झाला तो येथेच, आणि नंतर नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या. दोन्ही गावे एकामागोमाग पाहिल्यावर महाद्वारासमोरच्या त्या समाधीचा अर्थ जसा उमगतो, तसा एकट्या पंढरपुरात उमगत नाही. वाटेत माचणूरला थांबावे. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात येथे ब्रह्मपुरीला होती. दिल्लीचा बादशहा चार वर्षे भीमेच्या या काठावर बसून मराठ्यांशी लढत होता, ही गोष्ट तटावरून नदी पाहताना मनात ठेवावी. मंदिर आणि बादशहा यांच्याविषयीच्या आख्यायिका पुजाऱ्यांकडून जरूर ऐकाव्यात. त्या आख्यायिका म्हणून पुढे सांगाव्यात, इतिहास म्हणून नव्हे.

शहरातला किल्ला बाग समजणे

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात लोक हिरवळीवर बसून परत जातात. हा किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात दीर्घकाळ वादाचा विषय होता. चांदबिबीच्या विवाहात तो आदिलशहाला आंदण म्हणून देण्यात आला आणि पुढेही त्यासाठी लढाया झाल्या. मे १८१८ मध्ये तो इंग्रजांनी पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला. दुहेरी तटबंदी, खंदक, तलावाच्या बाजूचे बुरूज आणि आतील प्राचीन मंदिराचे अवशेष पाहायला दोन तास हाताशी असावेत. शेजारी बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांचा तलाव आणि मंदिर आहे. मकर संक्रांतीच्या गड्डा यात्रेत हा सारा परिसर नंदीध्वजांनी आणि बाराबंदी हा पांढरा अंगरखा घातलेल्या भक्तांनी भरून जातो; यात्रा पाहायची असेल तर तेव्हाच यावे, वास्तू पाहायची असेल तर जानेवारीचा मध्य टाळावा.

ऊन, काळी माती आणि रिकामे पोट

मे महिन्यात येथे पारा ४० च्या वर असतो आणि मंदिराच्या फरशीवर अनवाणी चालणे असह्य होते. अकरापूर्वी पाहणे संपवावे, पायमोजे जवळ ठेवावेत. पावसानंतर काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडी रुतते, म्हणून डांबरी रस्त्याच्या कडेला वाहन ठेवून चालत जावे. हत्तरसंग कुडलसारख्या ठिकाणी हॉटेलच्या भरवशावर जाऊ नये. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि भरपूर पाणी एवढी शिदोरी दिवसभर पुरते व खराब होत नाही.

इतके करूनही ऐनवेळी संगमाकडचा रस्ता पुरामुळे बंद निघाला, तर दिवस वाया घालवू नये. सोलापूरहून हैदराबाद महामार्गाने तासाभरात नळदुर्ग गाठता येतो. बोरीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणी महाल आणि बंधारा ओसंडल्यावरच कोसळणारे नर-मादी धबधबे पाहण्याचा तोच योग्य काळ असतो. तेथील पायऱ्या मात्र तेव्हा शेवाळलेल्या असतात. पाणी महालात उतरण्यापूर्वी दारावरच्या रक्षकाला विचारावे, आणि त्याने नाही म्हटले तर तटावरूनच पाहावे.