उशी बदलूनही डोकेदुखी आणि चक्कर थांबत नाही? या चुका टाळा

मान आखडली की नवी उशी आणायची, चक्कर आली की मानेचा एक्स-रे काढायचा, असा क्रम बहुतेक घरांत ठरलेला असतो. दोष खरोखर उशीचा असेल तर तिची उंची नीट केल्यावर दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवतो. पण उशीशी संबंध नसलेली दुखणीही तिच्याच माथी मारली जातात आणि त्यात महिने वाया जातात.

मानेतून निघणारी डोकेदुखी सहसा एकाच बाजूची असते. कवटीच्या बुडाशी सुरू होते, कानामागून कपाळाकडे किंवा डोळ्यामागे सरकते आणि मान वळवली की वाढते. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे बिघाड मानेत असला तरी कळ भुवईवर जाणवते. अशा दुखण्यात उशीकडे जरूर बघा. मात्र सकाळचं डोकं घोरण्यामुळे, झोपेत दात खाण्यामुळे, वाढलेल्या रक्तदाबामुळेही दुखतं. महिन्यातले १०-१५ दिवस वेदनाशामक गोळी पोटात जात असेल, तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरते.

गरगरण्याचा दोष उशीला देणं

कूस बदलली, अंथरुणातून उठलं किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, की खोली गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते. हा त्रास बहुधा आतल्या कानाचा असतो. तिथले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात आणि डोकं हललं की मेंदूला चुकीचा निरोप जातो. ही चक्कर बहुतेकदा झोपता-उठताना येते, म्हणून संशय उशीवर जातो, एवढंच. पाच हजारांची उशी आणली तरी ते कण जागेवर जाणार नाहीत.

एक्स-रेत मणक्यांत ‘गॅप’ दिसली म्हणून चक्कर मानेची, हा निष्कर्षही घाईचा. चाळिशी-पन्नाशीनंतर काहीच त्रास नसलेल्यांच्या मणक्यांतही झीज दिसते. कान-नाक-घसा तज्ज्ञ डिक्स-हॉलपाइक चाचणीत दोष कोणत्या कानात आहे ते ओळखतात आणि एप्ली पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने फिरवून कण परत पाठवतात. काम काही मिनिटांचं असतं, पुष्कळांना एक-दोन खेपांत आराम पडतो. कान कोणता ते माहीत नसताना व्हिडिओ पाहून घरी हा प्रयोग करू नका. चक्कर दाबणाऱ्या गोळ्याही महिनोन् महिने चालू ठेवू नका. त्यांनी मेंदूला तोल सावरायची सवय लागायला उशीर होतो. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब, पाणी कमी पिणं आणि चालू औषधं आधी तपासा.

उंची न मोजता उशी घेणं

दुकानात उशी हाताने दाबून पाहण्याला अर्थ नाही. भिंतीला खांदा टेकवून सरळ उभं राहा, नजर समोर ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी कानाच्या वरच्या भागापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायला सांगा. कुशीवर झोपणाऱ्याला डोक्याच्या भाराने दबल्यावर साधारण तेवढीच उंची लागते, बहुतेकांना १० ते १४ सेंमी. गादी मऊ असेल तर खांदा आत रुततो, तेव्हा दोनेक सेंमी कमी करा. उताणं झोपणाऱ्याला ६ ते ८ सेंमी पुरतात. पालथं झोपायची सवय मोडलेलीच बरी, कारण त्यात मान तासन् तास एकाच बाजूला पिळलेली राहते.

पैसे खर्च करण्याआधी घड्या घातलेल्या चादरी आणि टॉवेल रचून ही उंची चार रात्री वापरून बघा. एक घडी कमी-जास्त केली की जेमतेम एक सेंमीचा फरक पडतो, आणि तेवढाही मानेला कळतो. कुशीवर झोपल्यावर मागून फोटो काढा: डोक्याचा मागचा मध्य आणि पाठीचा कणा एका रेषेत हवेत. उताणं असताना कपाळ आणि हनुवटी एका पातळीत हवीत. हनुवटी छातीकडे झुकली तर उशी जास्त उंच, वर उचलली गेली तर कमी.

खांदा उशीवर चढवू नका. उशीची कड खांद्याला टेकावी, बस. ‘मान दुखते ना, उशीच काढून टाक’ हा सल्ला पोक आलेल्या वडीलधाऱ्यांना तर अजिबात देऊ नका. त्यांचं डोकं मागे लटकतं आणि मान आणखी ताणली जाते. आम्लपित्तासाठी दोन उशा रचणाऱ्यांनी त्याऐवजी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ सेंमीचे ठोकळे द्यावेत. धाप लागते म्हणून उंच उशी घेत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती कमी करू नका.

कापसाची उशी वाईट नसते. मधे खड्डा पडून कडेला गोळे झालेली वाईट. गादीवाल्याकडून कापूस पिंजून घ्या, ठासून भरू देऊ नका आणि एका बाजूची शिलाई कच्ची ठेवायला सांगा, म्हणजे मूठभर कापूस घरीच काढता-घालता येतो. मेमरी फोम थंडीत कडक होतो. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत पावसाळ्यात छान वाटलेली उशी एकाएकी उंच आणि टणक लागते. झोपण्याआधी तिला खोलीतल्या उबेत राहू द्या.

दिवसाचे सोळा तास विसरणं

ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षांच्या मांडवाखाली दिवसभर मान वर करून घडांची विरळणी करणाऱ्याची मान रात्रीची उशी सावरू शकत नाही. तासाला दोन मिनिटं थांबून हनुवटी आत ओढायची, पाच सेकंद धरायची, असं दहादा करायचं. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्यांनी बसल्या बसल्या डुलकी घेताना मान पुढे लोंबू देऊ नये. गळ्याभोवती गुंडाळलेली शालही आधार देते.

सलूनमध्ये केस कापल्यावर मान कडकन मोडून घेणं मात्र कायमचं बंद करा. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं अस्तर फाटू शकतं. हे क्वचित घडतं, पण घडलं तर पक्षाघात होऊ शकतो. मानेत अचानक नवीच तीव्र कळ, चक्करेसोबत बोबडं बोलणं, एकाचं दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, हातापायातला जोर जाणं, नीट चालता न येणं, किंवा आयुष्यात कधी नव्हती इतकी जोराची डोकेदुखी क्षणात सुरू होणं, यांपैकी काहीही दिसलं तर उशी, शेक, मालिश सगळं बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. ताप आणि आखडलेली मान एकत्र असली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.