गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांचे जगणे वर्गात कसे मांडावे

वसाहतकालीन गुलामगिरीवर नागपुरातल्या महाविद्यालयीन मुलांसाठी अभ्याससत्र घ्यायचे असेल, तर प्रथम विषयाची हद्द आवळून घ्यावी. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंडून अटलांटिकपार धाडले गेले आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली, हे सांगितल्यावर वर्ग सुन्न होतो, पण त्यात एकही माणूस दिसत नाही. म्हणून मी उत्तर अमेरिकेतील साउथ कॅरोलिना ही एकच इंग्रज वसाहत घेते. ती १६७० मध्ये वसली आणि १७०८ च्या सुमारास तेथे आफ्रिकी लोक गोऱ्यांपेक्षा अधिक झाले होते.

पहिल्या वर्षी मी भिंतीवर फक्त बेड्यांची आणि जहाजाच्या तळघराची चित्रे लावली होती. भंडाऱ्याकडची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "मॅडम, हे लोक खात काय होते, संध्याकाळी करत काय होते?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी धानापासून सुरुवात करते.

कॅरोलिनाची श्रीमंती धानावर उभी राहिली, आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या अनेकांना धानाची शेती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. शक्य असल्यास वर्गात उखळ, मुसळ आणि सूप आणावे, पसाभर धान कांडायला लावावे. तिकडे झाडाच्या खोडात कोरलेले उखळ असे; शेतातले काम सोसून आलेले स्त्री-पुरुष पहाटे आणि रात्री त्यात धान कांडत, आणि गवताच्या वेटोळ्यांची, पसरट, गोल टोपली वाऱ्यावर झेलत कोंडा उडवत. सूप हातात घेऊन पाखडताना मनगटाला येणारी ती लय झाडीपट्टीतल्या मुलांना लगेच ओळखू येते. तशा टोपल्या तिथल्या चार्ल्सटन शहराच्या परिसरात त्यांचे वंशज आजही विणतात. मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी: कांडणे ओळखीचे आहे म्हणून त्यांचे दुःख आपल्याला कळले असे होत नाही, कारण आपल्या उखळाजवळ चाबूक घेऊन कोणी उभे नसते.

कामाची पद्धतही समजावून द्यावी. धानाच्या मळ्यावर दिवसाचे काम नेमून दिलेले असे, बहुधा पाव एकर. ते उरकले की उरलेल्या वेळात माणसे आपल्या तुकड्यावर भाजीपाला लावत, कोंबड्या पाळत आणि बाजारात विकत. ही मालकाची दया नव्हती. थकलेल्या शरीरातून त्यांनी तो वेळ मिळवलेला होता.

कागदपत्रे वाचताना लेखणी मालकाच्या हातात होती, हे क्षणभरही विसरू देऊ नये. १७३२ मध्ये तेथे वृत्तपत्र सुरू झाले आणि त्यात पळून गेलेल्या माणसांच्या जाहिराती येऊ लागल्या. प्रत्येक विद्यार्थ्याला एक जाहिरात द्यावी आणि दोन रंगांनी खुणा करायला सांगाव्यात: मालकाला जे सांगायचे आहे ते एका रंगाने, त्याच्या हातून नकळत नोंदले गेले ते दुसऱ्या रंगाने. 'तिचा नवरा पलीकडच्या मळ्यावर आहे, तिकडे लपली असावी' अशा आशयाचे वाक्य मालकाने शोध लागावा म्हणून लिहिलेले असते. आपल्याला मात्र त्यात रात्री दलदल ओलांडून नवऱ्याकडे जाणारी बाई दिसते.

कायदाही असाच उलटा वाचायला शिकवावे. ९ सप्टेंबर १७३९ ला, रविवारी, स्टोनो नदीजवळ सुमारे २० जणांनी बंड केले. शस्त्रे मिळवून, ढोल वाजवत, वाटेत आणखी माणसे गोळा करत ते स्पॅनिश फ्लोरिडाकडे निघाले, कारण तेथे स्वातंत्र्याचे आश्वासन होते. बंड चिरडले गेले आणि १७४० च्या कायद्याने ढोल वाजवण्यावर बंदी आली, गुलामांना लिहायला शिकवणाऱ्याला १०० पौंड दंड ठरला. जी गोष्ट कोणी करतच नाही, तिच्यावर बंदी घालावी लागत नाही, एवढे मुलांच्या ध्यानात आले की प्रत्येक कलमातून माणसे दिसू लागतात.

शेवटचा तास नावांसाठी राखावा. मालमत्तेच्या यादीत गुरे आणि भांडी यांच्याबरोबर, किमतीसह, 'कफी' असे नाव सापडते. ते पश्चिम आफ्रिकेतल्या अकान भाषेतील कोफी, म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. विदर्भातल्या खेड्यांत सोमा, मंगरू, बुधा, सुकरू ही नावे अशीच वारावरून पडलेली आहेत. मुलांना आपापल्या आजोबा-पणजोबांची नावे फळ्यावर लिहू द्यावीत, त्यांच्या शेजारी ती यादी लावावी आणि किमतीचा रकाना कागदाने झाकून फक्त नावे मोठ्याने वाचून घ्यावीत.